जानेवारीतलं ऑस्ट्रिया : व्हिएन्नाचे बाजार, साल्झबुर्गचं संगीत आणि इन्सब्रुकचा बर्फ

युरोपला जायचं म्हटलं की आपल्याकडे आधी देश मोजले जातात. बारा दिवसांत सात देश, रोज सकाळी बॅगा भरायच्या आणि बसमध्ये बसायचं. संगीत महोत्सव, अनेक संस्कृतींचं एखादं शहर आणि स्कीइंग या तिन्ही गोष्टी मनासारख्या अनुभवायच्या असतील, तर हा मार्ग उपयोगाचा नाही. त्यासाठी एक देश आणि एक रेल्वेमार्ग पुरे. व्हिएन्ना ते साल्झबुर्ग वेगवान गाडीने सुमारे अडीच तास, आणि साल्झबुर्ग ते इन्सब्रुक दोन तासांहून थोडं कमी. या एका मार्गावर तिन्ही गोष्टी आहेत, आणि जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात त्या एकाच वेळी जुळून येतात. सहलीची आखणी कशी करायची, ते टप्प्याटप्प्याने सांगतो.

आधी तारीख ठरवा, मग बाकी सगळं

जानेवारीचाच शेवट का? संगीतकार वोल्फगांग आमाडेउस मोझार्टचा जन्म २७ जानेवारी १७५६ रोजी साल्झबुर्गमध्ये झाला. १९५६ साली, म्हणजे त्याच्या द्विजन्मशताब्दीच्या वर्षी, तिथल्या मोझार्टेउम प्रतिष्ठानाने ‘मोझार्टवोखे’ (मोझार्ट आठवडा) हा महोत्सव सुरू केला. दरवर्षी २७ जानेवारीच्या आगेमागे साधारण दहा-अकरा दिवस तो चालतो. साल्झबुर्गचा १९२० पासूनचा उन्हाळी महोत्सव जास्त प्रसिद्ध आहे. पण तो जुलैअखेर ते ऑगस्ट असा भरतो. तेव्हा शहर गच्च भरलेलं असतं, खोल्यांचे दर चढलेले असतात आणि खालच्या डोंगरांवर बर्फ नसतो.

दुसरं कारण सुट्ट्यांचं. नाताळपासून ६ जानेवारीपर्यंत ऑस्ट्रियातली स्की गावं भरलेली असतात. फेब्रुवारीत शाळांना आठवड्याची सत्रसुट्टी लागते आणि पुन्हा तीच गर्दी होते. मधले दोन-तीन आठवडे तुलनेने मोकळे. लिफ्टपुढच्या रांगा आखूड, खोल्या थोड्या स्वस्त, आणि थंडी पक्की असल्यामुळे बर्फही चांगला. नवशिक्याला मोकळ्या उतारासारखं सुख नाही.

आठवड्याचा मेळ असा घाला : सोमवारी किंवा मंगळवारी व्हिएन्नात उतरा, शुक्रवारी सकाळच्या गाडीने साल्झबुर्ग गाठा, रविवारी दुपारी इन्सब्रुकला निघा, सोमवार ते गुरुवार स्की शिका आणि शुक्रवारी परत फिरा. हा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. प्रौढांचे स्कीचे गटवर्ग बहुतेक ठिकाणी रविवारी किंवा सोमवारी सुरू होतात. बुधवारी पोहोचलात तर गट तयार नसतो आणि महागडी वैयक्तिक शिकवणी घ्यावी लागते. शिवाय स्कीच्या पहिल्या दोन दिवसांनंतर मांड्या इतक्या भरून येतात की तीन तासांचा ऑपेरा ऐकायचं त्राण राहत नाही. म्हणून संगीत आधी, बर्फ नंतर.

व्हिसा आणि विमा

ऑस्ट्रियासाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतो. ज्या देशात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा असतो, त्यामुळे इथे प्रश्नच उरत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी द्यावा लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण काही प्रकरणांत ४५ दिवसही लागू शकतात. जानेवारीच्या सहलीसाठी ऑक्टोबरात अर्ज करून मोकळं व्हावं, डिसेंबरपर्यंत थांबू नये. जून २०२४ पासून प्रौढांचं शुल्क ९० युरो आहे, ६ ते १२ वर्षांच्या मुलांचं ४५. पासपोर्ट गेल्या १० वर्षांतला हवा, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत.

व्हिसासाठी किमान ३०,००० युरो संरक्षणाचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. एजंट जो स्वस्त विमा सोबत जोडून देतो, तो व्हिसापुरता चालतो. स्कीसाठी मात्र तो बहुधा चालत नाही, कारण साध्या प्रवासी विम्यातून साहसी खेळ वगळलेले असतात. पॉलिसीतली बारीक अक्षरं वाचा. हिवाळी खेळांचा, आखलेल्या उतारांवरच्या स्कीइंगचा आणि डोंगरावरून हेलिकॉप्टरने उतरवण्याच्या खर्चाचा स्पष्ट उल्लेख हवा. गुडघा दुखावला आणि हेलिकॉप्टर बोलवावं लागलं तर बिल हजारो युरोंत जातं. या सहलीत पैसे वाचवण्याच्या बऱ्याच जागा आहेत, विमा ही त्यातली नव्हे.

तिकीट काढताना उतरायचं व्हिएन्नाला आणि परत निघायचं म्युनिकहून, असं पाहा. इन्सब्रुकहून म्युनिक रेल्वेने दोन तासांच्या आत येतं, त्यामुळे त्याच रस्त्याने उलटं व्हिएन्नाला जावं लागत नाही. जर्मनीही शेंगेनमध्येच असल्यामुळे वेगळा व्हिसा नको.

ऑस्ट्रियन रेल्वेची ‘श्पारशीने’ नावाची सवलतीची तिकिटं लवकर काढली तर मूळ भाड्याच्या निम्म्याहूनही कमी दरात मिळतात. ती ठरावीक गाडीपुरतीच चालतात, एवढं लक्षात ठेवा. व्हिएन्ना–साल्झबुर्ग मार्गावर ‘वेस्टबान’ ही खासगी गाडीही धावते, तिचेही दर पाहून घ्या. ती वेस्टबानहोफ स्थानकातून सुटते, सरकारी गाड्या मुख्य स्थानकातून. दोन्ही स्थानकं एकमेकांपासून बरीच लांब आहेत.

बॅगेत काय

जीन्स आणि सुती बनियन स्कीच्या उतारावर काही कामाचे नाहीत. सुती कापड घाम आणि बर्फाचं पाणी धरून ठेवतं आणि अंग गार पडतं. सर्वांत आत कृत्रिम धाग्याचे किंवा मेरिनो लोकरीचे थर्मल, वर फ्लीस, त्यावर पाणी न शिरणारं जाकीट. स्की पँट इन्सब्रुकमध्ये भाड्यानेही मिळते. शहरात फिरायला तळाला चांगली पकड असलेले बूट हवेत. सनस्क्रीन विसरू नका, बर्फावरून परावर्तित झालेलं ऊन चेहरा सोलून काढतं.

खाण्याचं सामान नेताना एक नियम पाळा : युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे. म्हणजे पेढे, बर्फी, तूप घरीच ठेवायचं. बाकरवडी, चिवडा, मेतकूट, गुळपोळ्या खुशाल न्या, फक्त गुळपोळ्या तेलावर भाजा.

व्हिएन्ना : बाजारातून शहर वाचा

बहुतेक सहली शोनब्रुन राजवाडा आणि सेंट स्टीफन्स कॅथेड्रल दाखवून पुढे सरकतात. ते पाहाच. पण व्हिएन्नाच्या वीस लाख लोकवस्तीपैकी सुमारे ४० टक्के लोक ऑस्ट्रियाबाहेर जन्मलेले आहेत, आणि ते शहर राजवाड्यात दिसत नाही. त्यासाठी भुयारी रेल्वेच्या ‘यू-सहा’ मार्गाने योझेफश्टेटर श्ट्रासे स्थानकावर उतरा आणि ब्रुननमार्क्टमध्ये शिरा. ओटाक्रिंग या जुन्या कामगार वस्तीतला हा लांबच लांब रस्त्यावरचा बाजार. १९६४ मध्ये ऑस्ट्रियाने तुर्कस्तानशी आणि १९६६ मध्ये युगोस्लाव्हियाशी कामगार आणण्याचे करार केले. त्या माणसांची मुलं-नातवंडं आज इथे ऑलिव्ह, पांढरं चीज, डाळिंबं आणि गरम गरम भाकऱ्या विकतात. अलीकडच्या वर्षांत सीरियातून आलेल्यांची दुकानंही दिसतात. बाजाराच्या टोकाला यिपनप्लाट्झचा चौक आहे, तिथे बसून जेवावं. शाकाहारी माणसाला व्हिएन्नात याहून सोपी जागा शोधावी लागणार नाही : फलाफल, मसूर सूप, पालकाची बोरेक (पातळ पापुद्र्यांची भरलेली भाजणी). बाजार रविवारी बंद असतो.

हे मिश्रण आजकालचं नाही. ऑस्ट्रियावर राज्य करणाऱ्या हाब्सबुर्ग घराण्याच्या साम्राज्याच्या राजधानीत चेक, हंगेरियन, क्रोएशियन, पोलिश, ज्यू सगळे येऊन राहिले होते. १९१० मध्येही शहराची वस्ती वीस लाखांवर होती. बोस्निया साम्राज्यात सामील केल्यानंतर १९१२ मध्ये ऑस्ट्रियाने इस्लामला कायद्याने मान्यता दिली, पश्चिम युरोपातले अनेक देश याचा विचारही करत नव्हते तेव्हा.

याच शहराने आपल्या माणसांचं काय केलं, तेही पाहायला हवं. ऑस्ट्रियातल्या ६५,००० च्या आसपास ज्यूंची नाझी राजवटीत हत्या झाली, त्यातले बहुसंख्य व्हिएन्नाचे. २०२१ मध्ये ऑस्टारिची पार्कमध्ये त्यांची नावं कोरलेल्या दगडी भिंती उभ्या राहिल्या. प्रवेशाला तिकीट नाही. अर्धा तास काढून त्या भिंतींपाशी जा. अनेक संस्कृतींचं शहर म्हणजे वेगवेगळ्या खाण्याचे ठेले एवढंच आपण समजत असू, तर ती समजूत तिथे टिकत नाही.

व्यवहाराचं थोडं. विमानतळावरून शहरात यायला दोन गाड्या आहेत. हिरवी ‘कॅट’ महाग आहे, ‘एस-सात’ ही लोकल बरीच स्वस्त आणि वेळ फारसा जास्त घेत नाही. भुयारी स्थानकांत फाटकं नसतात म्हणून तिकीट लागत नाही असं समजू नका. तपासनीस साध्या कपड्यांत येतात आणि दंड जबर असतो. नळाचं पाणी प्या. ते १८७३ पासून थेट आल्प्सच्या झऱ्यांमधून शहरात येतं, बाटल्या विकत घेणं म्हणजे पैसे वाया. रविवारी दुकानं बंद असतात, अगदीच अडलं तर मुख्य स्थानकातलं सुपरमार्केट उघडं मिळतं. थोडी रोकड जवळ ठेवा, कारण जुन्या कॅफेंमध्ये कार्ड चालेलच असं नाही. कॅफेत एका ‘मेलांज’ या दुधाच्या कॉफीवर तासभर बसलात तरी कोणी उठवत नाही. सोबत पाण्याचा पेला येतो. या कॉफीघरांच्या संस्कृतीची २०११ मध्ये ऑस्ट्रियाच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद झाली.

संध्याकाळी श्टाट्सओपर या सरकारी ऑपेरागृहात उभ्याने ऑपेरा ऐका. १८६९ मध्ये उघडलेल्या या नाट्यगृहात प्रत्येक प्रयोगाला उभं राहण्याची काही तिकिटं त्याच दिवशी विकली जातात, साधारण पिझ्झाच्या किमतीत. जागा मिळाली की कठड्याला मफलर बांधून ती राखायची तिथली रीत आहे. समोरच्या छोट्या पडद्यावर इंग्रजी भाषांतर येतं. रस्त्यात विग आणि जुना झगा घालून तिकिटं विकणारे भेटतील. त्यांचे कार्यक्रम पर्यटकांसाठी बेतलेले असतात, तेवढ्याच पैशांत त्याहून फार चांगलं काही ऐकता येतं.

साल्झबुर्ग : महोत्सवाची तिकिटं आणि रीत

मोझार्टवोखेचा कार्यक्रम बरेच महिने आधी जाहीर होतो. प्रतिष्ठानाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच तिकिटं काढा. मोठ्या वाद्यवृंदांच्या स्वस्त जागा आधी संपतात, म्हणून व्हिसाच्या आधी तिकिटांचं पाहा. ती तिकिटं व्हिसाच्या अर्जाला जोडलीत तर प्रवासाचं कारणही स्पष्ट होतं.

काय निवडायचं? पाश्चात्त्य अभिजात संगीताची सवय नसेल तर सिम्फनी (पूर्ण वाद्यवृंदाची रचना) आणि पियानो कॉन्चेर्टो (एकल पियानो आणि वाद्यवृंद यांची रचना) असा मिश्र कार्यक्रम निवडा, मध्यंतरासह दोन तासांत होतो. शक्यतो मोझार्टेउमचं मोठं सभागृह घ्या. ते नावापुरतं मोठं आहे, आठशेच्या आसपास खुर्च्या, आणि वाद्यांचा नाद अगदी जवळून येतो. आपल्या शास्त्रीय संगीताच्या छोट्या बैठकीची गोडी ज्यांना आहे त्यांना हे सभागृह लगेच आवडेल. सकाळी ११ वाजताचेही कार्यक्रम असतात. रविवारी सकाळी ऐकून दुपारी इन्सब्रुकची गाडी पकडता येते.

ऐकण्याची थोडी तयारी घरीच करा. कार्यक्रमात जी रचना आहे ती आठ-दहा दिवस रोज एकदा लावा. ओळखीचा स्वरसमूह परत आला की कान आपोआप टवकारतात, आणि या संगीतात सगळी गंमत त्या परत येण्यात आहे. मुंबईकरांना आणखी एक सोय आहे : नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे कार्यक्रम होतात, निघण्यापूर्वी एखादा ऐकून घ्या. व्हिएन्नाच्या नववर्ष मैफलीचं पाच वेळा संचालन करणारे झुबिन मेहता मुंबईतच जन्मले आणि व्हिएन्नात शिकले.

सभागृहात वेळ म्हणजे वेळ. दार बंद झालं की उशिरा आलेल्याला विरामापर्यंत बाहेर थांबावं लागतं. कोट आणि पिशव्या गार्डरोबमध्ये, म्हणजे सामान ठेवायच्या खिडकीवर, द्यायच्या. रचनेचे तीन-चार भाग असतात, त्यांच्या मध्ये टाळ्या वाजवत नाहीत, संपूर्ण रचना झाल्यावर वाजवतात. मध्येच ‘वाहवा’ निघू द्यायची नाही, हे आपल्याला जड जातं. कपड्यांची काळजी नको : पुरुषांना गडद कोट, आणि साडी नेसून गेलात तर तिथल्या कुठल्याही पोशाखापुढे ती उजवीच ठरते.

उरलेल्या वेळात गेट्राइडेगासे ९ हे मोझार्टचं जन्मघर, नदीपलीकडचं त्याचं राहतं घर आणि १०७७ मध्ये बांधायला घेतलेला होहेनसाल्झबुर्ग किल्ला पाहा. गडकोटांची आवड असलेल्या मराठी माणसाने किल्ल्यासाठी अर्धा दिवस राखावा. साल्झबुर्ग कार्डात हे तिन्ही, किल्ल्याची फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी चढावरची गाडी) आणि शहरातल्या बस येतात. दोन ठिकाणं पाहिली तरी ते परवडतं.

इन्सब्रुक : स्की शिकण्याचे चार दिवस

इन्सब्रुक ५७४ मीटर उंचीवर आहे, १९६४ आणि १९७६ चं हिवाळी ऑलिंपिक इथे झालं. छोट्या स्की गावाऐवजी मी हे शहर सुचवतो, कारण कुटुंबातल्या ज्यांना स्की करायचं नाही त्यांनाही इथे दिवस घालवता येतो. भाड्याच्या खोलीत स्वयंपाक करता येतो, आणि आजूबाजूची स्की क्षेत्रं बसने गाठता येतात. दोन किंवा जास्त रात्री राहिलात तर वेलकम कार्ड मिळतं, त्यावर परिसरातली बस-ट्राम फुकट असते. मुक्कामाच्या ठिकाणी ते मागून घ्या.

कुठे शिकायचं? शहराच्या डोक्यावर दिसणारं नॉर्डकेटे नक्की नाही. तिथले उतार फार तीव्र आहेत. वास्तुविशारद झाहा हदीद यांनी रचलेल्या स्थानकांवरून जाणारी हुंगरबुर्ग फ्युनिक्युलर आणि पुढची केबल कार घेऊन २,२५६ मीटरवरच्या हाफेलेकारला फक्त देखावा पाहायला जा. नवशिक्याने मुटररआल्म निवडावं : सौम्य उतार, शहराजवळ. बर्फ कमी असेल तर दोन हजार मीटरवरचं क्यूताय.

पहिल्या दिवशी पूर्ण स्की पास घेऊ नका. मोठ्या क्षेत्रांत दिवसाचा पास ७० ते ८० युरोंच्या आसपास जातो, आणि पहिला दिवस तुम्ही सरकत्या पट्ट्यावरच काढणार असता. सरावाच्या लिफ्टपुरतं तिकीट किंवा फेरीगणिक गुण वजा होणारं कार्ड पुरतं. वाचलेले पैसे चांगल्या गटवर्गावर खर्च करा. मित्र शिकवतो म्हणाला तर नम्रपणे नको म्हणा. पद्धतशीर स्की-शिक्षण याच तिरोल प्रांतात, जिथे इन्सब्रुक आहे, आकाराला आलं. सांक्ट आन्टोनच्या हानेस श्नायडरने १९२१ मध्ये तिथे स्की शाळा सुरू केली, आणि टप्प्याटप्प्याने शिकवण्याची ती परंपरा आजही चालू आहे.

साहित्य आदल्या संध्याकाळी घ्या, सकाळी दुकानात झुंबड असते. वजन, उंची, वय आणि ‘मी नवशिका आहे’ हे खरं सांगा. बूट स्कीला धरून ठेवणारी कळ त्यावरून लावतात. पडल्यावर ती वेळेवर सुटली नाही तर गुडघा पिळवटतो. बूट निवडताना घाई नको. आत एकच पातळ, गुडघ्यापर्यंतचा स्की मोजा, दोन घातले तर पाय उलट गार पडतो. सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढे हलकेच टेकला पाहिजे आणि गुडघे वाकवले की मागे सरकला पाहिजे. टाच उचलली जात असेल तर लहान माप मागा. नडगीवर घट्ट दाब जाणवणं बरोबर आहे, बोटं बधिर होणं चूक. हेल्मेट घ्याच.

उतारावर पहिले दोन तास चालणं, एका पायावर सरकणं, पडणं आणि उठणं. पडायचं ते बाजूला, कुल्ल्यावर. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या करून मग उठायचं. मग ‘श्नेपफ्लुग’ : स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, आणि आतल्या कडा बर्फात रुतवून वेग कमी करायचा. सगळा जोर मांड्यांवर येतो. भीती वाटली की माणूस मागे झुकतो, आणि मागे झुकलं की स्की ताब्यात राहत नाही. नडग्या बुटाच्या पुढच्या भागावर दाबून ठेवा, नजर समोर. दुसऱ्या दिवशी वळणं, तिसऱ्या दिवशी निळा उतार. ऑस्ट्रियात निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. टी-आकाराच्या दांड्याच्या लिफ्टवर बसायचं नसतं, ती मागून फक्त ओढते. बसायला गेलात की आडवे झालातच.

नियमांत सर्वांत मोठा एक : खाली असलेल्या माणसाचा हक्क पहिला. मागून येणाऱ्याने त्याला सांभाळून जायचं. अरुंद जागी किंवा वळणाआड थांबू नका. आखलेला उतार सोडून मोकळ्या बर्फात शिरू नका, हिमस्खलनाचा धोका तिथेच असतो. डोंगरातल्या बचावासाठी १४० आणि सर्वसाधारण आणीबाणीसाठी ११२ हे क्रमांक फोनमध्ये घालून ठेवा.

दुपारच्या जेवणासाठी डोंगरावरच्या झोपड्या, म्हणजे ‘ह्युटे’. शाकाहारींसाठी केझेश्पेट्झले (चीज घातलेल्या छोट्या शेवया), गोड काइझरश्मार्न (तुकडे केलेलं जाड धिरडं), किंवा आत प्लमचा मुरंबा आणि वर खसखस असलेला गेर्मक्नोडेल हा वाफवलेला गोळा. अंडं जवळपास सगळ्यांत असतं. केसप्रेसक्नोडेल हा तळलेला गोळा चीजचा असला तरी तो बहुधा गोमांसाच्या रश्शात तरंगत येतो, तेव्हा विचारूनच मागवा. ‘ओने फ्लाइश’, म्हणजे मांसाशिवाय, एवढे दोन शब्द कामाला येतात. रश्शाबद्दल मात्र वेगळं विचारा.

लिफ्ट चारच्या सुमारास बंद होतात. शेवटची फेरी दमलेल्या पायांनी करू नका, बऱ्याच दुखापती त्याच वेळी होतात. थकवा वाटला की लिफ्टनेच खाली या, त्यात कमीपणा नाही.

परतीसाठी शुक्रवार म्हटलं, कारण शनिवारी आठवड्याचे पाहुणे बदलतात आणि तिरोलमधल्या गाड्या, रस्ते दोन्ही तुंबतात. इन्सब्रुकहून म्युनिकला जाणाऱ्या गाडीतून मुख्य स्थानकाआधीच म्युनिक ओस्टला उतरा, तिथूनच ‘एस-आठ’ लोकल विमानतळाला जाते. भाड्याचं साहित्य गुरुवारी संध्याकाळीच परत करा, आणि विमानाच्या वेळेआधी निदान एक गाडी हाताशी राहील असं पाहा.